मालक पाहण्याचा कार्यक्रम

धाकट्याला ट्रकचा परवाना मिळाला आणि त्या घरात भांडी आपटायला लागली. त्याने परवाना आईपुढे धरला. आईने ओले हात पुसले, लांब धरून फोटो बघितला आणि म्हणाली, "फोटो बरा आलाय. आता कपाटात ठेव. परत बाहेर काढू नकोस."

"आई, मी हेच शिकलोय."

"मग शाळेची बस चालव. दुधाची गाडी चालव. नाहीतर माझ्या अंगावरून चालव. ट्रक नाही."

गल्ली तिला कडकमावशी म्हणायची, ते उगीच नाही. नवरा लवकर गेला. दवाखान्याच्या चादरी धुऊन तिने दोन मुलगे वाढवले आणि कुणापुढे हात पसरला नाही. तिच्या तोंडाला लागायला पाण्याचा टँकरवालाही घाबरायचा. पण थोरला गेला आणि बाईच्या तोंडचं पाणीच पळालं. तो ट्रकच चालवायचा. मालकाने एक फेरी संपते न संपते तोच त्याला दुसरीवर पिटाळलं, आणि भर दिवसा, सरळ रस्त्यावर, स्टिअरिंगवरच त्याचा डोळा लागला. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा आवाज आला की ती खिडकी लावून घ्यायची. रडताना मात्र तिला कुणी पाहिलं नव्हतं. सुनेनेही नाही.

"दुसऱ्या एका मालकाला सोमवारपासून येतो म्हणून सांगून आलोय," धाकटा म्हणाला. "मित्र तिथेच आहे. गाड्या नव्याकोऱ्या आहेत. केबिनमध्ये थंड हवा आहे."

"थंड हवा! तुझ्या भावाच्या केबिनमध्येपण होती. थंड झाला तो."

असं बोलून गेल्यावर तिचं तिलाच सोसेना. ती तोंड फिरवून ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा परत पुसायला लागली.

थोरल्याची बायको कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसली होती. कमी बोलणारी पोर. नवरा गेल्यावर माहेरी ये म्हणून तिला दोनदा न्यायला आले, ती गेली नाही. तिने मशीन थांबवलं.

"आई, एक विचारू?"

"विचार. तुला कधीपासून परवानगी लागायला लागली?"

"मला बघायला तुम्ही किती वेळा आला होता?"

"तीनदा."

"तीनदा सांगून. त्याआधी एकदा न सांगता येऊन गेलात. माझ्या वडिलांचा हात उठतो का, ते शेजारणीला विचारलंत. वाण्याला विचारलंत, ह्यांची उधारी किती. माझी आई मला सकाळी काय बोलून उठवते, तेसुद्धा तुम्ही भिंतीआडून ऐकलंत."

"मग? घरात माणूस आणायचं होतं. भाजी नव्हती आणायची."

"आणि माझे मामा तुमच्या गल्लीत फिरून तुमची चौकशी करून गेले. तुम्ही कशा आहात ते कळल्यावरसुद्धा त्यांनी मला दिलं, ते त्यांचं धाडस."

धाकट्याला हसू आलं. त्याने ते गिळलं.

"आता सांगा," सून म्हणाली, "ह्यांना मालकाकडे दिलं, तेव्हा कोण गेलं होतं बघायला?"

आईचं फडकं ओट्यावर थांबलं.

"कोणी नाही. मालकाने माणूस पाठवून गाडी गल्लीत उभी केली. लालभडक. तुम्ही घराघरांतून बायका बोलावून दाखवलीत. मी तिच्या आरशात बघून केस नीट केले. सीट किती मऊ आहे ते आपण दाबून दाबून बघितलं. त्या सीटवरून माणसाला उठू देतात का, झोपू देतात का, ते कोणी विचारलं? तुम्ही नाही, मी नाही."

"पुरे झालं."

"नाही झालं पुरे. ट्रकला मी रोज शिव्या देऊन बघितल्या, आई. लोखंडाला काय कळतं. ह्यांना झोपेने नेलं. ती झोप ज्याने अडवली, त्याला आपण आधी एकदाही भेटलो नव्हतो. मयताला येऊन तो इथे बसला, तुम्ही त्याला पाणी दिलंत, आणि तो दोनदा म्हणाला, मालाचं फार नुकसान झालं. स्थळ कसं होतं, ते आपल्याला मयताच्या दिवशी कळलं."

धाकटा परवान्याकडे बघत बसला. आईने ओट्यावरचं फडकं पिळलं, झटकलं, वाळत घातलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी मात्र तिने ठेवणीतले कपडे घातले, सुनेला घालायला लावले आणि धाकट्याला म्हणाली, "चल. ते थंड हवेचं स्थळ दाखव."

"आई, नोकरीला कोणी आईला घेऊन जातं का? हसतील मला."

"हसू देत. हसणारे खांदा द्यायला येत नाहीत."

पण थेट त्या कचेरीत ती गेली नाही. चौकशी घरात करायची नसते, शेजारी करायची असते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. समोर पंक्चर काढणारा बसला होता. आईने त्याच्यापुढे बैठकच मारली.

"काय रे बाबा, ही समोरची मंडळी कशी आहेत?"

त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मुलगी द्यायचीय का?"

"मुलगा द्यायचाय."

तो हसला, मग धाकट्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "मावशी, मला त्यांचा धंदा मिळतो, मी काय बोलणार. एवढंच सांगतो, इथे टायर जुनेच राहतात. ड्रायव्हर मात्र नवेनवे येतात."

तरी ती आत गेली. काचेचं दार, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर गाड्यांचे फोटो. माणसाचा एकही नाही. पांढऱ्या बुटांचा मालक फार गोड बोलला.

"आई, आमची गाडी कुठे थांबतच नाही, म्हणून तर गिऱ्हाईक आमच्याकडे येतं."

"गाडीचं राहू द्या. माणूस थांबतो का कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे जेवतो, झोपतो, अंग टाकतो. माणसं करतात तसलं काही."

मालक हसला. "वेळेआधी पोचला की बक्षीस देतो ना आम्ही."

"आणि रस्त्यात झोपला तर?"

"मग पैसे कापतो. शिस्त लागते, आई. आमची पोरं आता इतकी तयार झालीत, त्यांना झोप लागतच नाही."

हे तो अभिमानाने म्हणाला. सुनेने सासूचा हात घट्ट धरला, कारण तिला वाटलं, आता ह्या कचेरीच्या काचा फुटणार. पण आई शांतपणे उठली. "चहा राहू दे," म्हणाली. "माझ्या घरचा एक असाच तयार झाला होता."

बाहेर आल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "पंक्चरवाला आणखी एकाचं नाव सांगत होता. पण तिथे गाड्या जुन्या आहेत. पगारही कमी आहे."

"चल," आई म्हणाली.

ते दुसरं ठिकाण म्हणजे पत्र्याची शेड आणि मोकळं आवार. तीन-चार जुने ट्रक, तेलाने काळी झालेली जमीन. कानावर पेन्सिल खोचलेला म्हातारा एका टायरवर बसून काहीतरी खरवडत होता. तोच मालक. आईने दारातूनच खणखणीत आवाज दिला, "कोण आहे का घरात?"

म्हातारा ताडकन उठला आणि ओठांवर बोट ठेवून अंगावर आला. "हळू. हळू बोला."

आईच्या भुवया चढल्या. सबंध जन्मात तिला हळू बोला म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ती तोंड उघडणार एवढ्यात म्हाताऱ्याने शेडकडे बोट केलं. तिथे बाजेवर एक ड्रायव्हर झोपला होता. भर दुपारी, तोंड उघडं, एका पायात चप्पल तशीच. पलीकडे त्याचा ट्रक माल भरून, दोर आवळून तयार उभा होता.

"आत्ताच आलाय लांबून," म्हातारा पुटपुटला. "झोप झाल्याशिवाय तो हलणार नाही आणि मी हलवणार नाही."

तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन वाजला. फोन पोटाशी दाबून तो आवाराच्या पार टोकाला पळाला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता, की इथवर ऐकू येत होतं. म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, "संध्याकाळी निघेल... नाही, उठवणार नाही... बघा मग दुसरी गाडी. तुमची मर्जी." फोन बंद झाला. धंदा गेला असावा, कारण म्हातारा थोडा वेळ तिथेच कपाळ धरून उभा राहिला.

इकडे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर माशा बसत होत्या. त्याने झोपेतच मान हलवली. आई पुढे झाली. खाली पडलेला खोक्याचा पुठ्ठा तिने उचलला, बाजेच्या कडेला बसली आणि त्याला वारा घालू लागली. कोण कुठला माणूस, ना नात्याचा ना गोत्याचा. ती वारा घालत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही. इतके महिने अडवून धरलेलं सगळं खाली आलं, पण त्याला जाग येऊ नये म्हणून ती ओठ दातांत धरून रडली. सून तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून तीही तशीच रडली. धाकटा ट्रकच्या चाकाला टेकून उभा होता. त्याला कुणीकडे बघावं कळेना.

म्हातारा परत आला, त्याने हे बघितलं आणि काही विचारलं नाही. त्याचा धंदाच असा, की अशा बायका त्याला ओळखू येत असतील.

मग चौकशी झाली, सगळी कुजबुजत. आईने पुठ्ठा न थांबवता विचारलं, "पगार कमी देता म्हणे."

"देतो कमी. वेळेवर देतो."

"गाड्या जुन्या."

"ब्रेक नवे आहेत. चालवून बघू दे त्याला."

"घरून फोन आला तर?"

"ड्रायव्हरला करायचा नाही. मला करायचा. त्याची बायको मलाच शिव्या देते," म्हाताऱ्याने बाजेकडे मान केली. "चालवणाऱ्याला बोलण्यापेक्षा बसलेल्याला बोललेलं बरं."

"मी पण देईन. माझ्या तुम्हाला झेपायच्या नाहीत."

"तोंडावरून वाटलंच मला," म्हातारा म्हणाला. "चहा मात्र मिळणार नाही. इथे ज्याचा त्याने आणायचा."

आईने डोळे पुसले आणि धाकट्याला जवळ बोलावलं. त्याचा हात म्हाताऱ्याच्या काळ्या, तेलकट हातात दिला, लेक सासरी देतात तसा. "ह्याला गाढ झोप लागते," ती म्हणाली. "लहानपणापासून. उठवताना जरा हाक मारून उठवा. एकदम हलवू नका, घाबरतो."

धाकट्याने एवढा बाप्या होऊन तिथेच तोंड झाकून घेतलं.

घरी परतताना सासू-सुना शेजारी शेजारी चालत होत्या. बऱ्याच अंतराने आई म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मी घाईत दिलं गं."

"आपण दिलं," सून म्हणाली.

तर बाया-बाप्यांनो, ट्रक चालवणं वाईट नाही. घराघरातलं मीठ-पीठ त्यांच्याच जिवावर येतं. पण लेक देताना आपण अख्खं गाव पालथं घालतो आणि लेकाला मालकाच्या हाती देताना फक्त गाडीचा रंग बघतो. त्या मालकाच्या शेजाऱ्याला विचारा. त्याच्या ड्रायव्हरच्या बायकोला विचारा. दमलेला माणूस तिथे झोपू शकतो का, हे आपल्या डोळ्यांनी बघून या. आणि माल आजच हवा म्हणून फोनवर ओरडणारे आपणच असू, तर आधी जरा गप्प बसा. आपण ज्याला उठवतोय, त्याच्या आईने त्याला थोपटून थोपटून झोपवलेलं असतं.