विनोदिनीची सवत

कावळा काही पानाला शिवेना. आज अविधवा नवमी. केरी गावातल्या घरामागच्या दगडी गडग्यावर विनोदिनीच्या नावाचं पान ठेवून अर्धी सकाळ सरली, आणि तो मेला माडावर बसून मजा बघत होता. भिकाजी उन्हात हात जोडून उभा. बायकोला जाऊन वर्ष उलटलं, पितृपक्षातला हा तिचा पहिला म्हाळ. ती उपाशीच परत गेली तर?

"वडे तुझ्या आवडीचे केलेत गो," तो म्हणाला. कावळा ढिम्म. "तुझ्या पाटल्या सिद्धीला देतो." नाही. "गौरेशाशी भांडणार नाही." छे!

मुलगा गौरेश मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. सुनेचे, सिद्धीचे, पाय भरून आले. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "बाबा, जहाजाचं बोला. आई म्हणायच्या ना, ती सवत एकदाची घरातून जाऊ दे म्हणून!"

सवत म्हणजे 'रणधीर', जिच्या बॉयलरपाशी भिकाजीची तरुणपणाची वर्षं गेली ती विनाशिका, आरमाराची लढाऊ नौका. महायुद्धाच्या धामधुमीत स्कॉटलंडात बांधलेली. इंग्रजांच्या आरमारात असताना तिनं बर्फाळ समुद्रात मालवाहू जहाजांची राखण केली, पाणबुड्या हुसकावल्या, आणि युद्ध संपल्यावर एका बंदरात गंजत पडली. मग ती आपल्या आरमारानं घेतली. नव्या नवरीचं नाव बदलावं तसं तिचं नाव बदललं. इथंही तिनं इमानानं चाकरी केली, म्हातारपणी नवशिक्या पोरांना सांभाळलं. एका संध्याकाळी तिच्यावरचा झेंडा उतरला तेव्हा भिकाजी ढसाढसा रडला होता. पुढे मुंबईत तिचं भंगार झालं.

हे सगळं विनोदिनीनं लग्नापासून ऐकलं. "पुरे हो तुमचं पुराण," म्हणायची, पण भाजी चिरत बसून राहायची. ऐकणारी ती एकटीच. गावातले लोक तर त्याला लांबून बघूनच वाट बदलत.

भिकाजीला सुनेचा राग आला. पण पान सुकत चाललं होतं. "बरं बाई," तो वर बघून म्हणाला. "यापुढे त्या जहाजाचं नाव काढणार नाही. कुणापाशीही नाही. तुझी शपथ."

कावळा झेपावला, वड्याचा तुकडा उचलून गेलासुद्धा.

"जेवली आई!" गौरेश सुटका झाल्यासारखा बोलला आणि आत पळाला. म्हणजे विनोदिनीला ते पुराण खरंच नको होतं तर! इतकी वर्षं आपण बडबडत होतो आणि ती नुसती सोसत होती. ती जेवली याचा आनंद झाला, पण त्याच्या मागोमाग भिकाजीला फार एकटं वाटलं.

सगळे जेवायला बसले. आपण हे काय बोलून बसलो, असं सिद्धीला झालं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं कधी विचारलं नव्हतं, ते आज विचारलं.

"बाबा, इंग्रजांचं जहाज आपल्याकडे आलं कसं हो? सांगा ना. मला ऐकायचंय."

ती खरंच हात थांबवून बसली होती. भिकाजीनं दारातून गडग्याकडे पाहिलं.

"भात वाढ गो," तो म्हणाला.