गॅसची बटणं

दमयंतीबाईंनी शेगडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही बटणं गायब! आणि बाहेर हॉलमध्ये मिताली आणि तिचे आईवडील, उरणहून तासभर आधीच येऊन बसलेले. आज मुलाचं, निनादचं लग्न पक्कं व्हायचं, आणि घरात चहाची सोय नाही.

बटणं होती नवऱ्याच्या, कमलाकररावांच्या खिशात, आणि कमलाकरराव कर्नाळ्याला पक्षी बघायला. जन्मभर कोळसा खाणीत सुरुंग उडवलेला माणूस! तिथला नियम असा, की सुरुंग पेटवायच्या यंत्राची किल्ली सुरुंगवाल्याच्याच खिशात. नाहीतर आत माणसं असताना कोणी शहाणा ती फिरवायचा. बरोबर आहे हो, पण खाणीत! रिटायर होऊन पनवेलला आले, आणि तो नियम बिचाऱ्या शेगडीला लागला. फोन करावा, तर मोबाइल फ्रिजवर. सुरुंगाजवळ मोबाइल नेत नाहीत, तीही खाणीतलीच सवय!

शेजारच्या शुलामिथकाकूंच्या शेगडीचं बटण आणलं, ते बसेना. पकडीने फिरवावं, तर पकडही ह्यांच्याच कुलपात.

"काही मदत करू का?" मितालीची आई कुमुदताई दारात उभ्या होत्या.

दमयंतीबाईंना रडूच फुटलं. हुंदके देत त्यांनी सगळं सांगून टाकलं. मोडलं आता लग्न, असल्या तऱ्हेवाईक घरात कोण मुलगी देईल?

तेवढ्यात कमलाकरराव आले. खिशातून बटणं काढून त्यांनी ओट्यावर ठेवली.

मितालीचे वडील विश्वजीतराव मागोमाग आत आले. उरणच्या गॅस प्लांटवर सेफ्टी ऑफिसर होते ते. बटणं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नुसती बटणं? आणि रेग्युलेटर सिलिंडरवरच ठेवून जाता? शोभतं का हे तुम्हाला?"

असं म्हणत त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि स्वतःच्या घरचा रेग्युलेटर काढून दाखवला. कमलाकररावांनी तो दोन्ही हातांत घेतला. दोघे ओट्याशी उभे राहून असे बोलायला लागले, जसे बालपणीचे दोस्त.

दमयंतीबाईंनी कुमुदताईंकडे पाहिलं. कुमुदताईंनी डोळे मिटून मान हलवली. मग एकदम दचकून त्या मितालीबरोबर दारात आलेल्या निनादकडे वळल्या.

"जावईबापू, खरं सांगा. तुम्ही काय काय घेऊन फिरता खिशात?"

निनाद गोरामोरा झाला. उत्तर मितालीनेच दिलं.

"काही नाही गं आई. आधी खिसे तपासले, मगच हो म्हटलं."