भिंतीकडची जागा

गुणाजीने पहार टाकली आणि खड्ड्यातून वर पाहिलं.

"रहमिनदादा, हाड हाय."

रहमिन कडेला गुडघ्यांवर बसला. मातीतून मांडीचं जुनं हाड बाहेर आलं होतं. वर ना दगड होता, ना नाव. पलीकडे सावलीत पांढऱ्या कापडात त्याची बायको मिलका होती. शुक्रवार होता. दिवस मावळला की शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागणार. मग उद्या संध्याकाळपर्यंत तिला माती देता येणार नव्हती.

गुणाजीचं शेत या कबरस्तानाला लागून. रोह्याच्या यहुद्यांच्या कबरी तोच खणायचा. हाडं बाजूला सारतो, घटकाभराचं काम, असं तो म्हणाला. पेणहून आलेल्या नातेवाइकांनीही मान हलवली. ज्याचं कोणी उरलं नाही, त्याचं काय एवढं.

ते ऐकून रहमिनने पांढऱ्या कापडाकडे पाहिलं. मुलं इस्राएलात. आपल्यामागे मिलकाचं तरी इथे कोण उरणार? उद्या कोणी पहार घेऊन येईल आणि हेच म्हणेल.

"अब्राहामाची बायको सारा गेली तेव्हा त्याला कबरीला जागा फुकट देत होते," तो म्हणाला. "त्याने पैसे मोजून घेतली. आणि आपण मेलेल्याची हिसकावायची? बुजव ते."

"मग वहिनीला कुठं ठेवनार?"

रहमिनने भिंतीकडे बोट केलं. तिथे एकच जागा उरली होती.

"ती तुमच्यासाठी राखलेली ना? वहिनीच्या शेजारची?"

"खण."

खाली जांभा दगड लागला. गुणाजीने शेतात राबणाऱ्या केरूला हाक मारली. दोघं आळीपाळीने घाव घालत होते आणि रहमिन सारखा उन्हाकडे बघत होता. भिंतीच्या माथ्यावर बोटभर ऊन उरलं तेव्हा मिलकाला खाली उतरवलं.

तिची प्रार्थना झाली. प्रार्थना सांगायला आलेल्या दाजींनी पुस्तक मिटलं. लोक निघाले, पण रहमिन बुजवलेल्या पहिल्या खड्ड्यापाशी उभा राहिला.

"ह्याच्यासाठीपण म्हणा, दाजी."

"नावाशिवाय कशी म्हणू?"

जिवंत माणसाचं नाव त्या प्रार्थनेत कोणी घेत नाही. ते मरणाला हाक मारणं. रहमिनला लहानपणापासून त्याची धास्ती होती. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"माझं घ्या."

दाजींनी पुन्हा पुस्तक उघडलं. गुणाजीने डोक्याचा पंचा काढून हातात धरला.

नाव आलं. पहिलं आमेन रहमिनचंच होतं.