हत्ती शोधायला गेलेली मुलं

सन अडतीसच्या हिवाळ्यात शामलाबाई इतवारी पेठेत, एका भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर, बालवर्ग चालवत होत्या. दुसरीकडे लहान मुलांकडून श्लोक घोकून घेत. बाई मात्र जुन्या संस्कृत काव्यातला एखादा प्रसंग सोप्या मराठीत सांगत आणि मुलं जे विचारतील त्या वाटेनं पुढे जात. खालच्या दुकानाचे मालक मनोहरराव यांची मुलगी पुष्पलता याच वर्गात होती. मनोहररावांना हे फारसं पटत नसे. "बाई, पोरं नुसत्या गोष्टीच ऐकून राहिले. पाठ कधी करतील?" असं ते येता-जाता म्हणत.

त्या दिवशी राजाच्या सैन्याचा प्रसंग होता. नदीकाठी तहानलेला हत्ती सोंडेनं पाणी ओढतो, असं बाईंनी सांगितलं, आणि पुष्पलतानं मध्येच विचारलं, "बाई, सोंड म्हणजे त त्याचं नाक ना? मंग नाकात पाणी भरल्यावर तो दम कसा घेते?"

"मले नाही माहीत वं. आपण शोधू," बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीनंतर पुष्पलता, गोपिका आणि भैयाजी ही तिघं वर्गात परतलीच नाहीत.

बाकीच्या मुलांपाशी शेजारणीला बसवून बाई धावत खाली उतरल्या. मनोहररावही गल्ला तसाच टाकून निघाले. धान्याच्या गाड्या, कापडाची दुकानं, देवळामागची विहीर, सगळीकडे पाहून झालं. बाईंनी विहिरीत दोनदा वाकून पाहिलं. "तलावाकडं त गेले नसतील?" मनोहरराव एवढंच बोलले, आणि दोघंही त्या वाटेला धावले.

शेवटी एक हमाल म्हणाला, "तीन लेकरं हत्ती कुठी बांधते म्हणून इचारून राहिले होते. महालाकडं गेले."

महाल पेठेत एका जहागीरदाराचा हत्ती होता. तिथे रामाजी माहुताशेजारी, गवताच्या भाऱ्यावर तिघं ओळीनं बसलेली दिसली. बाई मातीत खाली बसल्या आणि तिघांना कवेत घेऊन रडू लागल्या.

मनोहररावांनी हात उगारला. पण पुष्पलता धावतच आली. "बाबा, समजलं! तो पाणी पोटापर्यंत नाही ओढत. सोंडेत धरते, तोंडात ओतते, अन् मंग दम सोडते. फुस्स! माह्या अंगावर उडालं, पाहा!"

उगारलेला हात तिच्या ओल्या केसांवर टेकला.

आता वर्ग बंद होणार, असंच परतताना बाईंना वाटत होतं. कोपऱ्यावर मनोहरराव थांबले.

"बाई, असं पुन्हा नाही चालणार."

"हो," बाई हळूच म्हणाल्या.

"पुढच्या खेपेले कुठी शोधाले जायचं असंल त आधी सांगजा. मी बैलगाडी जुंपून देईन. साऱ्याच पोरायले न्या."

त्यांनी समोरच्या हातगाडीवरून संत्री घेतली आणि पहिलं बाईंच्या हातात दिलं. शामलाबाई रस्त्यात उभ्यानं कधी काही खात नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी तिथेच साल सोललं. मनगटावरून रस ओघळला तरी त्या खात राहिल्या.