सोपानच्या मोज्याची टाच

"मोजे मी विणून देते," असं मी सरुबाईला सांगून बसले, तेव्हा मला फक्त मफलर येत होता. सरळ जायचं, वळायचं, सरळ यायचं. त्याला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, आणि तीही माझ्याकडे बेताचीच.

सरुबाई कुरवंड्याहून आमच्याकडे दूध घालायची. तिचा सोपान पलटणीत होता, महिन्याच्या रजेवर आलेला. मागच्या हिवाळ्यात सरहद्दीवर त्याची पायाची बोटं थंडीने काळीनिळी पडली होती. "वैनी, आवंदा बोटं ऱ्हात्यात का जात्यात, कुणाला ठावं," ती म्हणाली आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेला. लढाईचे दिवस होते. लोणावळ्याच्या महिला मंडळात सैनिकांसाठी खाकी लोकर येई. तिथून लोकर, चार सुया आणि एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले.

घोट्यापर्यंत छान जमलं. मग आली टाच. निम्म्याच टाक्यांवर पुढेमागे विणायचं, ओळ अर्धी सोडून वळायचं, मग कडेचे टाके उचलून पुन्हा गोल जायचं. तीनदा उसवली. चौथ्यांदा चिडून सुया कोनाड्यात फेकल्या.

"टाचेशिवाय नाही का होत मोजा?" आमच्या ह्यांनी विचारलं. रेल्वेच्या कचेरीत बसून माणसाला असे प्रश्न सुचतात. त्या रागातच पाचव्यांदा घेतली आणि टाच वळली! मी तो मोजा घरभर मिरवला.

पंधरा दिवसांत एक मोजा पुरा झाला. दुसऱ्याची टाच वळून कडेचे टाकेही उचलले. गुरुवारी सोपान मोजा घालून बघायला आला. रविवारी त्याची गाडी होती. त्याने मोजा ओढला, ताणला, पण चवडा आत शिरेना.

मी माप ह्यांच्या पायाचं घेतलं होतं. जन्मभर पंपशूत राहिलेला तो निमुळता कारकुनी पाय. सोपानचा पाय कुरवंड्याच्या डोंगरात अनवाणी वाढलेला, बोटं ऐसपैस पसरलेली. पुस्तकवाल्या मडमेने असा पाय पाहिला नसेल, पण मी सरुबाईचे पाय रोज दारात बघत होते. मला माझीच लाज वाटली.

"ऱ्हाऊ द्या वैनी," सोपान म्हणाला. "बोटं आकडून घालीन. बुटात तसंच करतो."

आखडलेली बोटंच तर गारठली होती! "मुळीच नाही," मी म्हणाले. "रविवारी सकाळी या."

तो गेल्यावर मात्र रडू फुटलं. सगळं उसवायचं, पुन्हा ती टाच, आणि हातात तीन दिवस. दुसरा मोजा मांडीवर घेऊन टाके मोजले. कडेचे उचलल्यावर ते पुष्कळ वाढले होते. ते कमी करत करत चौसष्टावर आणा, असं पुस्तक सांगत होतं. पण चौसष्टच का? शहाऐंशीवर थांबले तर पाऊल आपोआप रुंद होईल. पहिल्या मोज्याचंही नुसतं पाऊल उसवायचं, टाचेला हातसुद्धा लावायचा नाही. जीव भांड्यात पडला. पुस्तक मिटलं आणि विणायला बसले. दोन दिवस ह्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला.

रविवारी मोजे सोपानच्या पायात सरकन गेले. टाच टाचेवर बसली. सरुबाई खाली बसली आणि लोकरीवरून एकेक बोट चाचपत गेली. "हलीव बरं," ती म्हणाली. त्याने दहाही हलवली. मला इतकं हलकं वाटलं की मी वेड्यासारखी हसत सुटले.

फाल्गुनात त्याचं पत्र आलं. सरुबाई दुधाची चरवी खाली ठेवून उंबऱ्यापाशी बसली आणि मी वाचू लागले. थंडी फार पडली होती, बर्फही पडला होता. मग ती ओळ आली: 'आई, बोटे दहाच्या दहा हायेत.'

"तेवढं फिरून वाचा," सरुबाई म्हणाली.

मी पाच वेळा वाचलं.