कोंडवाड्याची भिंत

मानमोडीच्या तापाने बार्शीटाकळीत एक घर सोडलं नाही. त्या सालचा दसरा आला तसा गेला, आणि पार्बताबाईच्या मळ्यातला झेंडू झाडावरच काळा पडला. माळीपुऱ्यात हार घ्यायला उरलं होतं कोण? पार्बताबाईचा एकुलता एक सहदेव त्याच तापात गेला. मागे राहिली त्याची बायको, कौशल्या.

पार्बताबाई रडून मोकळी झाली. तिला रडता येत होतं, भांडता तर त्याहून बरं येत होतं. कौशल्येच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. बोलणं बंद, जेवण चिमणीएवढं, आणि दिवसभर तोंड भिंतीकडे. पोरगी अशीच बसली तर दिवाळीच्या आत हिलाही पोचवावं लागेल, ही धास्ती म्हातारीने घेतली.

एका सकाळी तिने सुनेला हाताला धरून विहिरीवर ओढत नेलं. विहिरीला लागून गुरांचा कोंडवाडा होता. साथ हटावी म्हणून गावभर चुना मारला होता, त्यात कोंडवाड्याची लांबलचक भिंतही पांढरीफेक झाली होती. कौशल्या माहेरी लग्नघरांच्या भिंती रंगवायची. मोर, राघू, फळांनी लगडलेली झाडं. कोरी भिंत दिसताच तिची बोटं जराशी हलली आणि पार्बताबाईने ते बरोबर टिपलं. दुसऱ्या दिवशी तिने गेरू, नीळ, हळद, काजळी आणि कडुनिंबाच्या काड्या चावून केलेले कुंचले सुनेपुढे आणून आदळले.

शेजारची गंगूबाई घागर ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. तिचाही नवरा साथीतच गेला होता, पण सोवळं-ओवळं शाबूत होतं.

"विधवा बाईनं भित रंगवाची? काहून वं पार्बते, जनाची लाज सोडली काय?"

"हे काय लगनघर हाय? ढोराइचा कोंडवाडा हाय. तुया बैलाले इटाळ झाला तं मले सांगजो!"

कौशल्येने मान वर न करता एक लिंबाचं झाड काढलं. ते पुरं व्हायच्या आत रजियाबी तिच्याजवळ येऊन बसली. तिचा मुलगा बशीर मूर्तिजापूरच्या स्टेशनात कंदील दाखवायच्या नोकरीवर होता. तिकडून आलेल्या कोणीतरी तो गेल्याचं सांगितलं होतं. माती द्यायलासुद्धा मिळालं नाही, याचंच त्या बाईला लागून राहिलं होतं.

"बेटी, माया बशीरचं कायी काढ," ती म्हणाली. "पण सूरत नको काढजो, आमच्यात चालत नाई. त्याचा कंदील काढ."

कौशल्येने कंदील काढला. एक काच लाल, एक हिरवी. रजियाबी त्यावर हात ठेवून पोटभर रडली आणि मग घरी जाऊन भाकरी थापायला बसली.

तीच रीत पडली. माणूस काढायचा नाही, त्याची वस्तू काढायची. कोणाची बासरी आली, कोणाचा पाळणा, कोणाची लाल काठाची पगडी. शेवटी गंगूबाईही पदर सावरत आली आणि म्हणाली, "आमच्या बुढ्याचा अडकित्ता काढशीन काय? पण मोडका काढजो, मोडकाच होता." सगळ्या बाया हसल्या. साथ आल्यापासून माळीपुऱ्यात कोणी हसलं नव्हतं. बाया भाकरी बांधून भिंतीपाशीच येऊ लागल्या, आपल्या माणसाच्या खोड्या सांगू लागल्या, आणि त्या घोळक्यात कौशल्याही चार घास खाऊ लागली.

पण सहदेवचं ती काही काढीना. पार्बताबाई रोज वाट बघे. एक दिवस भिंत भरली आणि म्हातारीला राहवलं नाही.

"आन् मायं लेकरू?"

"जागा नाई उरली, आत्याबाई."

कित्येक दिवसांनी सून बोलली ती हे. तिने जागा मुद्दाम संपवली, हे पार्बताबाईला कळलं.

दिवाळी सरली आणि बशीर आला. चालत, काठी टेकत, हाडांचा सापळा होऊन. एका सोबत्याच्या गावी तापात पडून होता. मेला तो दुसराच कोणी बशीर. रजियाबीची किंकाळी सगळ्या पुऱ्याने ऐकली. भिंतीवर स्वतःचा कंदील पाहून पोरगा हसला.

"जित्या माणसाचं मेलेल्याइत नाई ठेवू, बाप्पा," गंगूबाई म्हणाली. "पुसून टाक."

बशीरने चुन्याचा बोळा घेऊन कंदील पुसला. मग त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारलं, "सहदेवभाऊचं कुठी हाय?"

पार्बताबाईने कुंचला उचलला आणि सुनेच्या हातात दिला.

कौशल्येने त्या ओल्या चुन्यासमोर बसून कुंचला गेरूत बुडवला. मग तिने टोपली काढली, झेंडूने भरलेली, एका बाजूला कललेली. खाली उंबरा काढला. आणि उंबऱ्यावर पडलेलं एकच फूल.

पार्बताबाईने ते फूल ओळखलं. रोज सकाळी बाजाराला निघताना सहदेवची टोपली उंबऱ्यावर कलायची आणि एक फूल पडायचं. रोज ती ओरडायची, "डोये फुटले काय तुये? धड टोपली धरता येत नाई!" तो कधी उलटून बोलला नाही.

"ते पडत नोयतं, आत्याबाई," कौशल्या म्हणाली. "मायासाठी टाकत होते."

आणि ती भिंतीला टेकून मोठ्याने रडली, सगळ्या बायांसमोर, पुरं मन मोकळं होईपर्यंत. पार्बताबाईने तिला घट्ट धरून ठेवलं. आपल्या पोराला इतकं प्रेम करता येत होतं आणि आपण त्याला वेंधळा म्हणत राहिलो, याचं तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

मळ्यात झेंडूला उशिराच्या थोड्या कळ्या आल्या होत्या. त्या उमलल्या तेव्हा पार्बताबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली. आत कौशल्या चूल पेटवत होती. उंबऱ्यावर येताच म्हातारीने टोपली जराशी कलती केली आणि मागे न बघता चालू लागली.