मोडक्या सुयांची वही

बायको जाऊन एकवीस दिवस झाले होते. बाविसाव्या दिवशी प्लंबरला कळलं की तिची दहा वर्षंही गेली.

पेन्शन कार्यालयाच्या चौथ्या खिडकीतल्या कारकुनाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "काका, शिवण कारखान्यात यांची नोकरी एक वर्ष एक महिनाच दिसतेय. नवऱ्याला पेन्शन लागायला सलग दहा वर्षं हवीत."

"अकरा वर्षं मशीनवर बसली हो ती!"

"असेल. पण दर वर्षी तीन दिवस कामावरून काढून नव्याने घेतलंय. ठेकेदार बदलले, हजेरीपट गेले." मग कारकून जरा पुढे झुकला. "आता नवा नियम आलाय. मालकाने मुद्दाम पाडलेला खंड धरत नाहीत. दर सहामाहीचा कारखान्यातला एक तरी कागद आणा, तुमच्या बायकोच्या सहीचा."

प्लंबर तडक कारखान्याच्या फाटकाशी गेला. जेवणाची सुट्टी होती. बायका डबे उघडून बसल्या होत्या, त्यांच्यात चुंबकबाई होती. कुणाच्या मशीनची सुई मोडली की गळ्यातलं चुंबक फिरवून तुकडे गोळा करायचे, हे तिचं काम. कपड्यात तुकडा राहून गिऱ्हाइकाला टोचला तर सगळा माल परत येतो. म्हणून मोडकी सुई पुरती जुळवून दाखवल्याशिवाय नवी मिळत नसे.

त्याने सगळं सांगितलं. चुंबकबाईचा घास हातातच राहिला.

"सहीचा कागद? अहो भावोजी, माझी वही!"

"कसली वही?"

"मोडक्या सुयांची! तुकडे चिकटपट्टीने डकवायचे, शेजारी तारीख आणि मोडणारीची सही. हजेरीपट फेकतील, पण ही वही फेकायची कुणाची छाती नाही. माल परत आला तर हीच पुढे करतात."

डबे तसेच राहिले. माळ्यावरून खोकी खाली आली आणि चाळीस बायका वह्यांवर तुटून पडल्या, कारण दहा वर्षं एकट्या तिचीच गेली नव्हती.

"अगं, ही माझी! लग्नाच्या आदल्या दिवशी मोडलेली!"

"हिने एका दिवसात तीन मोडल्यात. हिला तिप्पट पेन्शन द्या!"

प्लंबरला तिची सही सापडली. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. त्याने चिकटपट्टीवर बोट ठेवलं.

"हात लावू नका, पुरावा आहे तो!" चुंबकबाई ओरडली. मग म्हणाली, "बरं, एकदा लावा."

पहिलं वर्ष मिळालं, दुसरं मिळालं. प्रत्येक पानाला बायका ओरडत होत्या, आणि तोही त्यांच्यासोबत ओरडत होता. एवढा आवाज आपल्या गळ्यात शिल्लक आहे हे त्याला माहीत नव्हतं. मग चौथ्या वर्षाची दुसरी सहामाही आली. तिथे तिची सही नव्हती. वही दोनदा चाळली, तिसऱ्यांदा चाळली.

चुंबकबाईने कपाळाला हात लावला. "असेल कशी? सात महिने एक सुई मोडली नव्हती तिने. साहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या."

प्लंबरला ते आठवत होतं. त्या संध्याकाळी तिने घरी येऊन दोनदा सांगितलं होतं. तो मोरीतला नळ खोलून बसला होता आणि दोन्ही वेळा नुसतं "बरं" म्हणाला होता.

साहेब कुरकुरले, पण दारात चाळीस बायका बघून वहीच्या पानांच्या प्रतींवर शिक्के मारून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी चौथ्या खिडकीतला कारकून एकेक पान उलटत खुर्चीतून उठलाच. शेजारच्या खिडकीतल्या बाईंना त्याने हाक मारली. "मॅडम, हे बघा तरी! सुया!"

त्याने मोजलं. जुन्या दहा वर्षांच्या वीस सहामाह्यांपैकी एकोणीस लागल्या.

"काका, राहिलेल्या सहामाहीचा दुसरा कुठलाही कागद चालेल. फाईल मी बंद करत नाही."

चुंबकबाई आता साहेबांच्या कपाटात टाळ्यांच्या दिवसाचा काही कागद आहे का ते बघते आहे. अजून मिळालेला नाही. ती एक सहामाही सिद्ध व्हायची बाकी आहे.